दाराशी डोकं लावणाऱ्या मुंग्या

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिला सगळे चिमटाताई म्हणत, कारण तिच्या हातात कायम चिमटा. कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर गोंदाचा ठिपका द्यायचा, त्यावर मेलेली मुंगी चिकटवायची, त्रिकोण टाचणीत ओवायचा आणि खाली नावाची चिठ्ठी लावायची. नोकरीला लागल्यापासून हेच काम. शिंक आली तर आधी टेबलापासून लांब पळायचं.

जंगलात मात्र ती कधी गेली नव्हती. संशोधक मंडळी दौऱ्यावर निघाली की तिलाही विचारत. तिचं उत्तर ठरलेलं, "आईला कुणाच्या भरवशावर ठेवू?" आईचे पाय गेले होते आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

संध्याकाळी आईला भरवताना ती दिवसभराच्या मुंग्या सांगे. आईचं मन एकीवरच जडलं होतं. ही मुंगी झाडाच्या पोकळ फांदीत राहते. त्यांच्यातल्या शिपाई मुंगीचं डोकं बुचासारखं चपटं असतं. दाराच्या भोकात ते घट्ट बसवून ती उभी राहते. घरची मुंगी आली, मिशांनी थोपटलं, की शिपाईण मागे सरते.

"आणि परकी आली तर?"

"ढिम्म हलत नाही."

"तू पाहिलंस?"

"ढिगानं चिकटवल्यात की."

"अगं, मेलेल्या नव्हेत. दार उघडताना पाहिलंस का?"

यावर ती पुढचा घास करी.

एकदा विभागप्रमुख बाईंनी तिला त्या मुंग्यांचे खण वेगळे काढायला सांगितले. आजवर त्या कॅम्पोनोटस या मोठ्या प्रजातीतला एक पोटगट म्हणून गणल्या जात. जनुकं ताडून पाहिल्यावर कळलं, की त्यांची शाखा फार पूर्वीच फुटली होती. आता त्यांची प्रजाती स्वतंत्र, नाव कोलोबॉप्सिस. "कुळ तेच, उपकुळही तेच. फक्त बिऱ्हाड वेगळं," बाई म्हणाल्या.

आईला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "बरं झालं बाई. किती दिवस दुसऱ्याच्या नावावर राहायचं?" मग म्हणाली, "माझ्यापायी तुझं जाणं राहिलं गं."

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

खणांचं काम निम्म्यावर असतानाच आई गेली. चिमटाताईनं काम पुरं केलं आणि पुढचा दौरा ठरला तेव्हा कुणी विचारायच्या आतच म्हणाली, "मी येते."

जंगलात बाईंनी एक खाली झुकलेली फांदी दाखवली. तिला आधी काहीच दिसेना. भोक सालीच्याच रंगाचं. तेवढ्यात एक मुंगी आली, तिनं सालीला थोपटलं आणि तो सालीचा तुकडा आत सरकला! मुंगी आत गेली. दार पुन्हा बंद. ती मान अवघडेस्तोवर पाहत राहिली.

परतताना गाडीत बाईंनी विचारलं, "इतक्या गप्प का?"

"घरी जाऊन सांगू कुणाला, तेच कळत नाहीये."

बाई तिच्याकडे सरकल्या. "मला सांगा ना."

तिनं सांगायला सुरुवात केली. फांदी, भोक, थोपटणं. बाई मनापासून ऐकत होत्या, मान हलवत होत्या. पण सांगणं काही रंगेना. बाईंना सगळं आधीच ठाऊक होतं.