पट्टीने लिहिलेली चिठ्ठी

औषधवाल्यांना कोणाचंही अक्षर लागायचं. अडतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, आणि ज्याला ते जमलं त्याला वाचायला अवघड असं जगात फारसं काही उरत नाही. त्या धंद्यात संशय हा दुर्गुण नव्हता. एकदा गोळीच्या मापात एक शून्य जास्त पडलंय असं वाटून त्यांनी गिऱ्हाइकाला परत पाठवलं होतं, तर डॉक्टर स्वतः दुकानात येऊन हात जोडून गेले होते. पुढे दुकान सुटलं आणि सवय तेवढी घरी आली. बायको बाहेरून आली की किती वाजता निघालीस, कोण भेटलं, एवढा वेळ का लागला, असे तीन प्रश्न ठरलेले. त्यांच्या मते ते प्रेमाचेच प्रश्न होते. बायकोचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांचं एक मंडळ जमायचं. माणसं सात: कॉलेजात हाच विषय शिकवून निवृत्त झालेले सर, ग्रंथपाल बाई, दातांच्या कवळ्या बनवणारे एक गृहस्थ, दोघी शिक्षिका बहिणी, औषधवाले आणि त्यांची बायको. वर्षभर एकच विषय घ्यायचा, आणि तो निवडायची रीत मंडळाने स्वतः शोधून काढली होती. प्रत्येकाने नाव न घालता विषयाची चिठ्ठी टाकायची, सुचलं नाही तर कोरी टाकायची. चिठ्ठ्या टेबलावर मांडून सगळ्यांनी बघायच्या, मग घडी घालून एकेक उचलायची. आपलीच आली तर परत ठेवायची. ज्याच्या हाती दुसऱ्याचा विषय येईल त्याने पुढच्या रविवारी त्या विषयाची मनापासून वकिली करायची, मग हात वर करून मतदान. विषय कोणाचा हे कळायला नको, नाहीतर सरांचा मान राखायला सगळे सरांच्याच विषयाला मत देतील, अशी त्यामागची भीती.

सरांच्या बाबतीत ही भीती फुकट होती. त्यांनी पहिल्याच वर्षी औषधवाल्यांना "तुम्ही आपलं काही सोपं वाचा" असं सुनावलं होतं, आणि तेव्हापासून औषधवाले चिठ्ठ्यांमधलं सरांचं ऐटबाज अक्षर बरोबर हेरून त्या विषयाच्या वेळी हाताची घडी घालून बसत. नऊ वर्षं सरांचा विषय अवघ्या एका मताने हरत होता. हे गुपित औषधवाल्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं. दरवर्षी, घरी जाताना, चवीचवीने.

या वर्षी सरांनी आल्या आल्याच जाहीर केलं, "माझी चिठ्ठी कोरी आहे. नऊदा हरलो, पुरे झालं." औषधवाल्यांना मनातून गुदगुल्या झाल्या.

चिठ्ठ्या मांडल्या गेल्या. 'न्याय' हे ग्रंथपाल बाईंचं गोल अक्षर. 'सुख' थोरल्या बहिणीचं, 'काळ' धाकटीचं. 'पुरावा' त्यांचं स्वतःचं. दोन कोऱ्या. आणि सातवी चिठ्ठी बघून त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पेन्सिलीने, पट्टी धरून, एकेक रेघ ओढून काढलेली अक्षरं होती ती: 'माणसाला एकटं राहता येतं का?' त्यात हाताची लकब नावालाही नव्हती. घडी घालून उचलायची वेळ आली तेव्हा नेमकी तीच त्यांच्या वाट्याला आली.

रात्रीचं जेवण होईपर्यंत औषधवाल्यांनी डोक्यात सगळी जुळणी करून टाकली. कवळीवाले दरवर्षी कोरी टाकत, बायकोही कोरीच टाकायची आणि यंदा सरांचीही कोरी. म्हणजे कोऱ्या तीन निघायला हव्या होत्या, निघाल्या दोन. आता अक्षर लपवायची गरज कोणाला? औषधवाले अक्षर ओळखतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच. आणि ते ठाऊक होतं एकाच माणसाला, जे समोर बसून त्यांना आणखी भाजी हवी का म्हणून विचारत होतं.

"पोट भरलं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांचं कशात लक्ष लागेना. चौतीस वर्षांचा संसार, आणि हिला एकटं राहायचंय? बायको मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बहिणीकडे जाते म्हणायची. त्यांनी मेहुणीला उगाच फोन केला. मेहुणी म्हणाली, "ती कुठे येते? महिना झाला तिला बघून." औषधवाल्यांनी फोन ठेवला. त्यांनी बायकोच्या पर्समध्ये हात घातला, तर आत एक अनोळखी किल्ली निघाली. ती जिथे होती तिथे ठेवून त्यांनी पर्सची चेन पूर्वीइतकीच अर्धवट उघडी ठेवली. अशा बाबतीत ते चोख होते.

शुक्रवारी ते तिच्या मागोमाग निघाले. बायको तीन रस्ते ओलांडून एका पंक्चरवाल्याच्या दुकानाशेजारचा जिना चढली. औषधवाले समोरच्या काचवाल्याकडे आरसा बघायच्या निमित्ताने उभे राहिले. वरच्या खोलीची खिडकी उघडली, हिरवा पडदा बाजूला झाला. आता कोण येतंय याची ते वाट बघत होते, आणि कोण असेल याची दोन-तीन नावंही त्यांनी मनात तयार ठेवली होती.

कोणीच आलं नाही. बायकोने खुर्ची खिडकीशी ओढली, चपला काढल्या, खिडकीच्या कठड्यावर पाय टेकले आणि बसून राहिली. पुस्तक नाही, विणकाम नाही, फोन नाही. दीड तास ती नुसती बसली होती. मधे एकदा आपल्याशीच हसली. औषधवाल्यांनी तिला असं हसताना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. कोणी असतं तर भांडता तरी आलं असतं.

"काका, आरसा घेताय की नुसतं तोंड बघताय?" काचवाल्याने विचारलं. ते तसेच घरी आले. ती आल्यावर त्यांनी तीन प्रश्नही विचारले नाहीत.

रविवारी त्यांची पाळी शेवटची होती. वाईट वकिली करून विषय पाडायचा, असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. एकदा विषय पडला की बायकोचा विचारही मागे पडेल, अशी त्यांची भाबडी आशा होती. पण उभे राहिले आणि भलतंच बोलू लागले.

"मला वाटायचं हा प्रश्नच खुळचट आहे," ते म्हणाले. "पण समजा, एखादं माणूस घर असताना दुसरीकडे खोली घेतं. हिरवा पडदा बाजूला करून, कठड्यावर पाय टाकून दीड तास नुसतं बसतं. त्याला एकटं राहता येतं का, हे विचारण्यात अर्थ नाही. घरात त्याला तेवढंही का मिळू नये, हे विचारावं. मी घरात फार प्रश्न विचारतो. हा एक विचारला नाही. म्हणून हा विषय घ्यावा."

बायको टेबलाकडे बघत होती.

मतदान झालं. या विषयाला चार हात वर गेले: ग्रंथपाल बाई, कवळीवाले, सर आणि औषधवाले. विषय मंजूर. पण बायकोचा हात मांडीवरच होता, आणि ते बघून औषधवाल्यांचं डोकं पुन्हा चालू झालं. स्वतःच्या विषयाला मत नाही? यात काय पाणी मुरतंय?

घराच्या वाटेवर त्यांना राहवलं नाही. "तुझीच चिठ्ठी, आणि तूच हात वर केला नाहीस?"

"माझी कुठली? माझी कोरी होती, दरवर्षीसारखी."

"मग ती?"

"सरांची. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच्या सोमवारी ग्रंथालयात पट्टी घेऊन रेघा मारत बसले होते, मी बघितलं. त्यांची बायको गेल्यापासून घरात एकटे असतात ते. त्यांना खरंच वाचायचं होतं."

"पण सर तर कोरी म्हणाले." आयुष्यभर दुधापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतलेल्या माणसाने नेमकी हीच एक थाप निमूट गिळली होती. "आणि मी अक्षर ओळखतो हे त्यांना कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही चिठ्ठी बघता, मग त्या माणसाकडे बघता, मग खूश होता. नऊ वर्षं सगळ्यांना माहीत आहे." थोडं चालून गेल्यावर ती थांबली. "तुम्ही माझ्या मागे आला होतात."

औषधवाल्यांनी होकारार्थी मान हलवली.

"शिलाईच्या पैशांतून भाड्याने घेतली होती मी ती खोली. मला तुम्हाला सोडून जायचं नव्हतं हो. आठवड्यातले तीन तास, मी कुठे आहे हे कोणाला माहीत नाही, एवढंच हवं होतं. बोललात ते चांगलं बोललात. मला रडू येत होतं, हात वर करायचं भानच राहिलं नाही. पण आता त्या खोलीत बसून काय करू? खालून तुम्ही बघताय असंच वाटत राहील." तिने पदराने चेहरा पुसला. "दुसरी बघावी लागेल."

औषधवाल्यांना तिचा हात धरायचा होता, चुकलं म्हणायचं होतं, पुन्हा कधी मागे येणार नाही अशी शपथ घ्यायची होती. ते सगळं त्यांच्या मनात अगदी खरं होतं.

"कुठे बघणार?" ते विचारून बसले.