वहीत माझं नाव नव्हतं

माझा धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवतो. त्याआधी नऊ वर्षं अंड्यांचा टेम्पो चालवला. नऊ वर्षांत त्याच्या हातून फुटलेली अंडी एका ऑम्लेटला पुरली नसती. असा ड्रायव्हर अख्ख्या शहरात दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देतो.

पोरं चढताना प्रत्येकाच्या दप्तराला हात लावून मोजतो. चौदा. उतरताना परत मोजतो. जवळ एक वही, तिच्यात कुठल्या पोराला कोण न्यायला येणार ते लिहिलेलं.

अडचण एकच, चेहरा. डाव्या कानापासून ओठापर्यंत व्रण. ओठ वर ओढला गेलाय, त्यामुळे बिचारा हसला तरी दात विचकल्यासारखं दिसतं. त्यात अंगानं आडवा, भुवया जाड.

मी त्याच्या उलट. नाकीडोळी नीटस, कपाळ मोठं. शिकलोय सातवीपर्यंतच, पण कापडाच्या दुकानात उभा असतो, अंगात रोज इस्त्रीचा शर्ट. गिऱ्हाइकाचे बूट बघून सांगतो, घेणार की नुसतं उलगडून बघणार. लहानपणी कुणाची काच फुटली की घरमालक बाहेर यायचा, आम्हा दोघांकडे बघायचा आणि धाकट्याच्या कानाखाली वाजवायचा. काच मी फोडलेली असायची.

तर व्हॅन सुरू करून पंधरा दिवस नाही झाले, नऊ आयांनी सही करून अर्ज दिला. ड्रायव्हर बदला, पोरं घाबरतात. पोरं कसली घाबरतात! ती त्याच्या मानेला लोंबकळायची. घाबरायच्या त्या आया. प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, शनिवारी ठरवू.

त्या रात्री धाकटा जेवताना एवढंच म्हणाला, "अंडी बरी होती, दादा. बघायची नाहीत."

आमची ही मला म्हणाली, "जा ना शाळेत, बोला. एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही."

जातो म्हणालो. गेलो नाही. गेलो असतो तर व्रण कसला ते विचारलं असतं.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज आला. दातवाल्याकडे अडकलेय, चिमणीला स्टॉपवरून घ्याल का? त्यांची चिमणी पहिलीत, धाकट्याच्याच व्हॅनमधली. दुकानातून अर्धा तास मागून घेतला आणि गेलो.

व्हॅनचा शेवटचा स्टॉप, तीन आया उभ्या. त्यातल्या चष्मेवाल्या बाई त्या अर्जाच्या पुढारी. आल्याआल्या त्यांनी मला जागा करून दिली.

"तुम्ही कुणाला न्यायला?"

"शेजाऱ्यांच्या मुलीला."

"बघा, असे शेजारी हवेत. तुम्हीच सांगा, त्या डाकूच्या हाती पोरं कशी द्यायची? चेहऱ्यावर सुऱ्याचा वार आहे हो सरळ! तुमच्यासारखा चांगल्या घरातला माणूस असता तर आम्ही एक अक्षर बोललो असतो का?"

इथं मी त्यांना चांगलं सुनावायला पाहिजे होतं. पण माझी तारीफ चाललेली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी नुसता शर्ट नीट केला.

तेवढ्यात व्हॅन आली. धाकट्यानं एकेक पोर उतरवलं. आईचं शाळेनं दिलेलं फोटोचं कार्ड बघायचा, वहीत खूण करायचा, दप्तराला हात लावायचा. शेवटी चिमणी राहिली. मी हात पुढे केला.

"चल गं."

धाकट्यानं दारात हात आडवा घातला. "कार्ड?"

"कसलं कार्ड? वहिनी दातवाल्याकडे आहेत. हा बघ मेसेज."

"मेसेज कुणीही दाखवेल. वहीत आई आणि आजोबा आहेत. तुमचं नाव नाही."

तुमचं! अहोजाहो केलं मला!

आतून चिमणी म्हणते, "काका, तुमचं नाव नाहीये." पोरगीही त्याच्याच पार्टीची.

चष्मेवाल्या बाई पुढे झाल्या. "अहो, देऊन टाका ना. चांगले गृहस्थ आहेत, आम्ही ओळखतो यांना."

"कधीपासून, ताई?"

बाई गडबडल्या. "म्हणजे... आत्ताच, दहा मिनिटं झाली."

"मी जन्मापासून ओळखतो. सख्खा थोरला भाऊ आहे माझा. तरी देणार नाही."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. माझे कान तापले. राग तर असा आला की बोलायची सोय नाही. आणि खरं सांगू, त्याच वेळी छाती एवढी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

धाकट्यानं वहिनींना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग तो व्हॅनच्या पायरीवर बसला. "मी थांबतो. कार्ड येईपर्यंत पोरगी इथंच."

घरी जायचं सोडून आयाही थांबल्या. थोड्या वेळानं चष्मेवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "मग तो वार..."

"वार नाही," मी म्हणालो. "डब्याचं पत्र्याचं झाकण. मी फेकलं होतं. मी दहाचा, हा सातचा. काच मी फोडली ते हा आईला सांगायला निघाला होता. घरी यानं सांगितलं, कुंपणावर पडलो. आजही तेच सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदा हे कुणाला सांगितलं. इतक्या वर्षांचं काहीतरी छातीवरून उतरलं.

"दादा, गप की," धाकटा पायरीवरून म्हणाला. "पोरगी ऐकतेय."

वीस मिनिटांनी वहिनी रिक्षातून उतरल्या, एक गाल टम्म फुगलेला. धाकट्यानं त्यांचंही कार्ड मागितलं. चष्मेवाल्या बाई फसकन हसल्या. "अहो, गाल सुजलाय, फोटोशी नीट जुळवून घ्या हं!" मग सगळेच हसले, धाकटाही. त्याचा ओठ नेहमीसारखाच वर गेला. या वेळी कुणी मागं सरकलं नाही.

शनिवारी त्याच बाईंनी शाळेत जाऊन अर्ज परत मागितला. दोघींनी पोरं दुसऱ्या व्हॅनमध्ये घातली ती घातलीच. घालोत. बारा राहिली, नोकरी राहिली. त्या दिवशी धाकटा दुपारी जेवून जो आडवा झाला तो दिवेलागणीला उठला. पंधरा दिवसांत तसा झोपला नव्हता.

वहिनींनी वहीत माझं नाव घालून घेतलं. सोमवारी मुद्दाम नवा शर्ट घालून, कार्ड खिशात टाकून गेलो. धाकट्यानं कार्डावरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"बरोबर आहे," म्हणाला. "जरा बाजूला व्हा, पोरं उतरतायत."