डोळे, कान आणि धाकटी डहाणू

बोंबील वाळत घालायला बसलं की हातांबरोबर तोंडही चालतं. एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला चार आठवतात, आणि उन्हं उतरेपर्यंत टोपलीत मासळी कमी आणि गोष्टीच जास्त! हल्ली आमच्या धाकटी डहाणूत सगळे किस्से एकाच विषयावरचे. देशाचं संरक्षण! हसू नका. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा विषय चुकत नाही.

मला तर नाहीच नाही. माझा नवरा दिनेश तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालते. मासळीच्या मागे तो गुजरातच्या बाजूला पार वर जातो. झाई गावच्या माझ्या मावसबहिणीचा नवरा असाच एका बोटीवर खलाशी होता. पाण्यावर सीमेची रेघ कुठे मारलेली असते? पलीकडच्यांनी धरून नेलं, तो तीन वर्षांनी घरी आला. तेव्हापासून दिनेशची बोट सुटली की कडेवर लेक आरोही, हातात मोबाईल, आणि जीव खाडीच्या तोंडाशी!

*

बंदरावरच्या चौकीत नवीन साहेब आले. बुलढाण्याकडचे. समुद्र पहिल्यांदा बघितला तोच ड्युटीवर. पण माणूस मनापासून काम करणारा. आल्या आल्या सगळ्या गावाची मीटिंग घेतली.

"आता लढाई बदललीय," साहेब म्हणाले. "नुसत्या तोफा-बंदुकांचे दिवस गेले. आता ड्रोन, सॅटेलाईट, कॉम्प्युटर! पण एवढा मोठा किनारा एकटं मशीन सांभाळू शकत नाही. तुम्ही मच्छीमार म्हणजे देशाचे डोळे आणि कान!"

आमची हंसाकाकी पुढेच बसली होती. म्हणाली, "डोळे-कान आम्ही. मग तोंड कोण?"

साहेब हातातला कागद चाळू लागले. मागून माझ्या सासूबाई ओरडल्या, "अगो, ते तर पहिल्यापासून तूच आहेस!"

*

मग ओळखपत्रं काढायला मशीन आलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. सासूबाईंनी उजवा अंगठा ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. दहाही बोटं झाली, मशीन आपलं "पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा!"

चाळीस वर्षं कोळंबी सोलून आणि बर्फात हात घालून बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मशीनवाला म्हणाला, "आजी, असं करा. आठ दिवस मासळीला हात लावू नका. क्रीम लावा. मग मशीन तुम्हाला ओळखेल."

सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवस मासळीला हात लावला नाही, तर गाव मला ओळखणार नाही. त्याचं काय?"

*

साहेबांचा ड्रोन! तो उडाला तसे किनाऱ्यावरचे सगळे कावळे पळाले. आम्ही बायका खूश! वाळत घातलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, कावळ्यांपासून राखायला दिवसभर एक माणूस लागतो.

हंसाकाकी साहेबांना म्हणाली, "रोज पाठवत जा ना. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"काकी, हा देशाच्या सुरक्षेसाठी आहे!"

"जवळा काय परदेशातला आहे?"

तेवढ्यात कुठून तरी घार आली. तिने ड्रोनला एकच झडप घातली, आणि देशाची सुरक्षा थेट आमच्या जवळ्यात! साहेबांनी तो पुसला, धुतला, उन्हात ठेवला. पण वास काही जाईना. नंतर तो उडवला की खाली गावातली मांजरं पळत सुटायची.

साहेब म्हणाले, "शत्रूच्या रडारला दिसणार नाही हो, पण मांजरांचं काय करू?"

*

पुढे खोट्या हल्ल्याची प्रॅक्टिस झाली. दुसरीकडचे पोलीस अतिरेकी बनून समुद्रातून येणार, आम्ही ओळखून कळवायचं. कधी येणार, कुठून येणार, काही सांगायचं नाही असा नियम.

एका सकाळी हंसाकाकीने चौकीत फोन लावला. "साहेब, तुमचे चार अतिरेकी इथे बसलेत. चहा झालाय त्यांचा. घेऊन जा."

साहेब धावत आले. चौघं कमरेपर्यंत चिखलात माखलेले. भर ओहोटीला खाडीत बोट घातली, ती रुतली. बायकांनीच दोर टाकून ओढून काढलं.

"काकी, तुम्ही ओळखलंत कसं?"

"ओहोटीला बोट आत घालणारा आपल्याकडचा कसा असेल?"

साहेबांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मग हळूच विचारलं, "पण चहा कशाला दिलात?"

"मेले बिचारे लाजेने! आणि त्यातला एक तर रडकुंडीला आलेला."

*

आणि मग आली ती पेटी.

साहेबांनी प्रत्येक बोटीवर एकेक बसवून दिली. बोट कुठे आहे ते मोबाईलवर ठिपक्याने दिसतं, सीमा जवळ आली की पेटी ओरडते. मला तर देव पावला! भात ढवळताना ठिपका बघायचा, आरोहीला भरवताना ठिपका बघायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगो, बघून बघून झिजेल तो!"

एका दुपारी बघते तर ठिपका नाही!

मोबाईल बंद केला, चालू केला. नाही. आरोहीला उचललं आणि अनवाणी चौकीत गेले. मोबाईल साहेबांपुढे धरला. साहेबांनी आपल्या स्क्रीनवर बघितलं, त्यांचाही चेहरा उतरला. वायरलेस उचलून ओरडले, "जवळच्या सगळ्या बोटींनी, शेवटचा ठिपका होता तिकडे जा! दिनेशची बोट दिसत नाही!"

स्क्रीनवर आमच्या गावच्या सात बोटींचे ठिपके वळले. दोन तास मी भिंतीला टेकून बसले होते. आरोही माझ्या बांगड्यांशी खेळत होती.

मग वायरलेस बोलला. "दिनेश सुखरूप आहे. काळजी नको. आम्ही थांबतो इथेच, त्याच्या सोबतीला."

"सातही बोटी?" साहेबांनी विचारलं.

"सातही!"

साहेबांचे डोळे भरून आले. "वहिनी," म्हणाले, "ही एकी कुठल्या मशीनमध्ये येत नाही!"

दुसऱ्या दिवशी आठही बोटी आल्या, पापलेटनी काठोकाठ भरून. सात बोटींवर हसणं-खिदळणं, आमचा तांडेल तेवढा तोंड पाडून!

घरी येऊन म्हणाला, "काही झालं नव्हतं गो. पापलेट लागलं, म्हणून ठिपका दिसू नये असा पेटीवर भाताचा टोप पालथा घातला. तो ठिपका सगळ्या बोटवाल्यांना दिसतो. त्यांना काय गावजेवण घालू?"

"आणि मी इथे अर्धी मेले ते?"

त्याने आरोहीला उचलून घेतलं. साहेबांना खरं कुणीच सांगितलं नाही.

आठ दिवसांनी साहेबांनी मंडप घातला. संकटातल्या भावासाठी जाळी सोडून धावलेल्या सात तांडेलांना शाल आणि नारळ! दिनेशला पहिल्या रांगेत बसवलं, मला शेजारी. सात जणांनी मान खाली घालून शाली घेतल्या. एकाला तर हसू आवरेना, त्याने शालच तोंडावर घेतली.

"आता ज्यांचा जीव वाचला ते दिनेशभाऊ दोन शब्द बोलतील," साहेब म्हणाले.

दिनेश उठला. सातांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. माईक हातात घेतला.

"उपकार झाले," म्हणाला. "पुढच्या वेळी थोडं उशिरा आलात तरी चालेल."