विसाव्यांचा नकाशा

वर्तमानपत्रात नकाशा छापून आला की बाईंचा फोन ठरलेला. "ते पांढरं सोडलंय ना, तिथे काही नाही, की तिथलं काही ठाऊक नाही? दोन्ही एकच नव्हे हो." मी तेव्हा एका दैनिकाला कर्जत-खालापूरच्या बातम्या पाठवत असे. नकाशे मुंबईत तयार होतात, एवढं सांगून सुटका होत नसे. "मग मुंबईला विचारा आणि मला कळवा."

बाई कर्जतच्या एका शाळेत भूगोल शिकवत. घराणं गावातलं जुनं, वकील-मास्तरांचं. नकाशा हातात आला की अंगठ्याने आधी मथळा झाकत आणि कोपऱ्यातली सूची वाचत. आपण सगळे उलट करतो.

एकदा त्यांच्या वर्गात बसलो होतो. मुलं जगाचा नकाशा रंगवत होती. लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर जास्त, तो देश गडद. एक मुलगी म्हणाली, "बाई, नॉर्वेत बरंय. सगळ्यांना डॉक्टर मिळतो."

"माथेरानला घोडे पुष्कळ आहेत. तुझ्या मामाला मिळतो का बसायला?"

मामा तिथल्या हॉटेलात कामाला होता. "नाय बाई, तो चालतच जातो."

"मग नॉर्वेतही कुणीतरी चालत असेल. देशाच्या आत डोकाव." त्यानंतर भारत, मग महाराष्ट्र, मग रायगड, मग आपला तालुका. जवळ जावं तसा एकसंध रंग फुटत जाई, आणि ते पाहताना मुलांपेक्षा बाईच जास्त खुलत.

त्या सुमारास तालुक्याला एक जादा रुग्णवाहिका मिळणार होती. ती शेलूच्या नव्या इमारतींजवळ उभी करायची की माथेरानच्या डोंगरपायथ्याशी, हे बैठकीत ठरणार होतं. बाईंनी मुलांना घरोघर पाठवून विचारलं, 'दवाखाना किती लांब?' लांब ते गडद, या हिशेबाने नकाशा केला आणि बैठकीसाठी देऊनही टाकला. त्यात शेलू गडद निघालं. तिथल्या लोकांनी रेल्वे फाटकापाशी थांबण्याचा वेळही धरला होता. डोंगरावरची वाडी मात्र फिकट.

बैठकीआधी बाई वाडीला नकाशाची प्रत द्यायला निघाल्या. मीही सोबत गेलो. चढावर मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. वाडी किती लांब, असं विचारलं.

"ही काय, इथंच हाय."

एक टेपाड चढून गेल्यावर गुराख्याला विचारलं. "आली की. चला." आणखी वर गेल्यावर पुन्हा कुणीतरी, "जवळच हाय." बाई दगडावर बसल्या आणि हसायला लागल्या. मग एकदम थांबल्या. "मुलांनाही यांनी हेच सांगितलं असणार."

वाडीत पोचलो तेव्हा म्हातारी दुसऱ्या वाटेने आमच्याआधी येऊन बसली होती. बाईंनी तिला छेडलं. ती म्हणाली, "पाहुण्याला लांब कसं सांगायचं गं? माघारी फिरला म्हंजी?" तिच्यामागे, भिंतीला टेकून, तिची सून बसली होती. दिवस भरत आले होते.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी प्रश्न बदलला. "आजारी माणसाला झोळीतून खाली नेता, तेव्हा विसाव्याला झोळी कुठे कुठे ठेवता?"

आता सगळी वाडी बोलू लागली. कातळावर, कड्याच्या वळणाला, उंबराखाली, ओहळापाशी, खालच्या आंब्याला.

"वहळापाशी नाय ठेवत. वली जागा."

"तुज्या बापाला ठेवला व्हता की रं."

बाई एकेक विसावा लाल पेन्सिलीने टिपत होत्या. मध्येच पेन्सिलीला टोक करावं लागलं.

बैठकीत त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी लावले. शेलूचे एक सदस्य म्हणाले, "बाई, मागच्या आठवड्यात तुम्हीच वाडी जवळ दाखवलीत. आता लांब कशी गेली?"

"वाडी जागेवरच आहे. प्रश्न माझा चुकला. आम्ही पाहुण्यासारखं विचारलं, त्यांनी पाहुण्याला द्यायचं उत्तर दिलं."

"आणि शेलूत?"

"शेलूत आम्हाला कुणी पाहुणं समजलं नाही."

सगळे हसले, तो सदस्यही. "उद्या आमच्याकडे कुणाला जास्त झालं तर लोक तुम्हाला विचारतील हां."

"विचारू देत. तुमच्या दारात रिक्षा येते. वाडीत एका सुनेचे दिवस भरत आलेत. तिच्या दारात काय येतं, ते सांगा." गाडी पायथ्याशी ठेवायचं ठरलं.

सुनेला कळा लागल्या त्या दिवशी झोळी खाली उतरली तेव्हा गाडी उभी होती. मुलगी दवाखान्यात झाली, वाटेत नाही. मी ही बातमी उत्साहाने बाईंना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "विसावे किती घ्यावे लागले?"

"सगळेच."

"म्हणजे वरचं काम बाकी आहे," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

बाई गेल्या वर्षी गेल्या. तो नकाशा आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आहे. मध्यंतरी कच्चा रस्ता थोडा वर सरकला आणि गाडी ओहळापर्यंत जाऊ लागली. चालकाने आंबा आणि ओहळ, या दोन विसाव्यांवर बॉलपेनने काट मारली आहे. उंबर, कड्याचं वळण आणि कातळ अजून लाल पेन्सिलीत आहेत.