घरचा विषय

“घरचा विषय सोडून परक्याच्या दारी कशाला जाता?” असं म्हणून सरांनी माझा कागद उलटा केला. कोऱ्या पाठीवर स्वतःच्या पेनाने लिहिलं: दलित स्त्रियांची आत्मकथने. खाली दोन रेघा ओढल्या.

पोरांनो, आजीच्या पीएचडीचं काय झालं, असं तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता. क्रमाने सांगते.

निवृत्त झाल्यावर मी प्रवेश परीक्षा दिली. पास झाले. त्यानंतर मार्गदर्शकासोबत बसून आपल्या अभ्यासाचा आराखडा ठरवायचा असतो. काय वाचायचं, कोणत्या वर्षी काय लिहायचं. त्यासाठी मी वरठीहून भंडाऱ्याच्या संशोधन केंद्रात या सरांकडे, माझ्या मार्गदर्शकांकडे, गेले होते. विषय माझा पक्का होता. सतराव्या शतकातली इंग्रजी कविता. ती देवाशी वाद घालते, मरणाला दरडावते. तुमसरच्या कॉलेजात मी ती वर्षानुवर्षे शिकवली. ते कवी लॅटिन शिकून वाढलेले, म्हणून पहिल्या वर्षात थोडं लॅटिन शिकेन, असंही आराखड्यात लिहिलं होतं.

“लॅटिन?” सर हसले. “मॅडम, या वयात?”

सर माझ्या मुलाच्या वयाचे. भंडाऱ्यातल्या जुन्या कापडवाल्यांच्या घरातले. आवाज कधी चढत नाही. चढला असता तर मलाही चढवता आला असता.

“तुमच्या आई चिखल्याच्या खाणीवर होत्या ना?”

मीच कधीतरी सांगितलं होतं. अभिमानाने. आई उन्हात बसून मँगनीजचे दगड निवडायची.

“होत्या. आता नाहीत.”

“मग आठवणी आहेत ना. तुमच्या लोकांचं अनुभवाचं लेखन फार ताकदीचं असतं. हे तर्क, युक्तिवाद वगैरे राहू द्या.”

“काहून?”

‘का’ म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघून गेलं. जन्मभर वर्गात इंग्रजी बोलले, पण राग आला की मी आईच्याच बोलीत येते.

सरांनी चक्क टाळी वाजवली. “बघा! हे ‘काहून’! हे अस्सल आहे. याचं एक प्रकरण होईल.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “हो आई, येऊन राहिलो ना. काहून घाई करून राहिली? मले टाइम आहे अजून. तू जेवून घे.”

फोन ठेवला आणि सर पुन्हा पुस्तकी मराठीत आले.

त्यांच्या तोंडात तो शब्द घर होता. माझ्या तोंडात प्रकरण.

माझ्याआधी त्यांनी एका मुलीचा आराखडा मंजूर केला होता. आयरिश नाटक. आयर्लंड तुझं घर आहे का, असं तिला विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “सर, आत्ता तुम्हीही काहून म्हणालात. त्याचं प्रकरण कोण लिहिणार?”

मग तोच मऊ आवाज. “मॅडम, तुम्ही भावनिक होताय. माझ्याकडे एकच जागा आहे. सही हवी की नको?”

त्या केंद्रात इंग्रजीचा दुसरा मार्गदर्शक नाही. सही नाही तर नोंदणी नाही. पुन्हा परीक्षा, पुन्हा वाट पाहणं. आणि माझ्यापुढे तुमच्याइतकी वर्षं नाहीत. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

मग आई आठवली. खाणीवर मुकादम रोज ढीग दाखवायचा. “तू इथं बस.” आई बसायची. दगड तिने निवडले, ढीग कधी निवडला नाही. आणि हे सर पेनाने मला ढीग दाखवत होते. आईचाच.

तिच्यावर लिहायची मला लाज नाही. लिहीनच. पण कुणी बसवलं म्हणून नाही.

“नको,” मी म्हटलं. कागद उचलला, सुलटा केला, पिशवीत घातला. बाहेर पायरीवर सावली होती. बसले नाही.

नोंदणी गेली. शेजारीण म्हणते, “बाई, आता कायले पाह्यजे तुमाले डिग्री?” तिला उत्तर देत नाही. लॅटिन शिकायला घेतलंय, त्याचे धडे गिरवते.

हयातीत पदवी मिळेलच, असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. आराखडा तोच आहे, एक शब्द बदललेला नाही. तो घेऊन दुसऱ्या दारी जाणार, तिथून तिसऱ्या. कुणी दाखवलेल्या ढिगावर मी बसणार नाही.