स्फटिक की काच?

नोएडातल्या आमच्या खनिज तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट फाइलीत जातात आणि किस्से चहाच्या टेबलावर साचत राहतात. त्यातले निम्मे स्फटिकाचे. वाळूत तोच, क्वार्ट्झ घड्याळात तोच, आणि डोकं थंड राहावं म्हणून लोकांच्या गळ्यातही तोच.

खरा स्फटिक गालाला लावला की काचेपेक्षा गार लागतो. आमच्या परेरा मॅडमनी हे एका गिऱ्हाइकाला समजावलं. जानेवारी होता. त्या गृहस्थांनी माळ गालाला लावली, विचार केला आणि विहीणबाईंना आठवून म्हणाले, "मॅडम, इस मौसम में तो मेरी समधन भी ठंडी लगती है."

दुसरे एक जण फोनवर म्हणाले, "खरा स्फटिक काचेवर ओरखडा काढतो ना? मग माझा खराच आहे. घरीच बघितलं."
"छान. कुठल्या काचेवर?"
"सासऱ्यांच्या नव्या गाडीच्या."

लातूरचा आयुब इथं यूपीएससीची तयारी करतो. गावाकडून आणलेल्या दोन गारगोट्या घेऊन आला. गारगोटी म्हणजे स्फटिकच, फक्त ओबडधोबड. वीज पडते तिथं त्या सापडतात, असं त्याची आजी सांगायची. "स्टोअररूमचा लाइट बंद करा," म्हणाला आणि त्या एकमेकींवर घासल्या. आतून फिकट उजेड चमकला.
परेरा मॅडमनी गारगोट्या मागून घेऊन स्वतः घासून बघितल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं स्फटिकाचे रिपोर्ट लिहितेय. लाइट बंद करून कधी बघितलंच नाही."

मयूर विहारचे साठेकाका बायकोची माळ घेऊन आले. लग्नानंतर लगेच त्यांनीच ती हरिद्वारहून आणली होती. आता तिच्या वाढदिवसाला सोन्यात गुंफून द्यायची, म्हणून आधी तपासणी.
मी एकेक मणी तपासला. एकशे सात काचेचे, एक खरा स्फटिक.
काकांना सांगितलं. तो एक मणी दाखवला.
"पहिल्याच वर्षी एक मणी फुटला होता," ते म्हणाले. "हिनंच सराफाकडे जाऊन नवा बसवून आणला."
"मग सराफानं काकूंना बाकीच्यांबद्दल सांगितलं असेल."
"असेल." त्यांनी माळ रुमालात गुंडाळली. "बेचाळीस वर्षं रोज घालते."
मी रिपोर्ट पुढे केला.
"तो राहू दे इथंच," काका म्हणाले. "सोनाराकडे जायचंय, उशीर होतोय."