जोडव्याची माशी

बार झाला आणि दीर माचावरून खाली नाचणीत पडला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. भरलेलं पोतं लोटावं तसा गेला. धुरानं मला पुढचं दिसेना. मी बांधावरून हाक मारली, "भावोजी." उत्तर नाही. परत मारली. तरी नाही. तेव्हा मनाशी म्हटलं, मारला मी ह्याला.

खालच्या वाटेवर माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

"बाय, मेला काय गो तो?"

"बघते."

"बघ आधी. मग भारा उतरवते."

बंदूक माझ्या नवऱ्याची, ठासणीची. पिकाच्या राखणीसाठी परवाना होता. नवरा गेल्यावर तो माझ्या नावावर झाला, कारण मुलगे मुंबईला होते आणि दिराच्या नावावर करायला मी तयार नव्हते. आमची वाडी कुडपणच्या अंगाला, पठाराच्या कडेवर. इथं डुकरं आली की शेत नांगरल्यासारखं करून जातात. त्या साली वरी गेली, वरच्या शेतातली नाचणी गेली. उरलं होतं एकच शेत. तेही गेलं असतं तर वर्षभर विकतच्या पिठाची भाकरी.

अडचण अशी की बंदुकीला माशी नव्हती. नळीच्या टोकावर नेम धरायला मणी असतो, त्याला माशी म्हणतात. आमची कधीच तुटून पडली होती. नवरा अंदाजानं मारायचा, आणि त्याचा अंदाज कसा होता ते डुकरांना ठाऊक होतं.

दीर मुंबईची नोकरी संपवून गावी आला होता. त्याला सगळं येत होतं. पहिली माशी त्यानं सायकलच्या ट्यूबच्या टोपणाची केली आणि गळक्या नळाला लावतात त्या लांबीनं चिकटवली. पहिल्या बाराला ती डुकराच्या आधी पळाली. मग त्यानं पितळेचा स्क्रू सुतळीनं बांधला. "वहिनी, टेंपररी हाय," म्हणाला. ते खरं निघालं.

गावच्या लोहारानं बंदूक लांबूनच बघितली. "हात लावला की उद्या पोलीस माझ्या दारात. घेऊन जा." राहिला सोनार. मी बंदूक गोधडीत गुंडाळली आणि दिराला घेऊन पोलादपूरची एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आत काय हाय?"

"बंदूक."

तो हसला आणि पुढे गेला. खरं बोललं की कोणी उघडून बघत नाही.

सोनार म्हणाला, "बंदुकीचं काम मी करत नाही. चांदीचं करतो. चांदी कशावर बसते ते मी बघत नाही."

चांदीच का, तर लोखंडाचा मणी नळीतच मिसळून जातो, पितळ काळं पडतं, आणि डुकरं येतात दिवेलागणीला. चांदी तेवढ्या उजेडातही दिसते. माझी जोडवी डब्यात पडून होती. नवरा गेला की ती घालायची नसतात. त्यातलं एक काढून मी सोनाराच्या हातावर ठेवलं.

दीर म्हणाला, "दादाची आठवण हाय ती, वहिनी."

"आठवण नाचणी राखत नाय, भावोजी."

सोनारानं चांदी वितळवून हरभऱ्याएवढा मणी केला. नळीचं टोक घासून चकचकीत केलं. डाख देऊन मणी नळीला जोडायच्या आधी विचारलं, "मधोमध ना?"

मी हो म्हणणार तोवर दीर पुढे झाला. "मधोमध नको. दादाचा बार डावीकडं जायचा. माशी उजव्या कडेला बसवा. ती बाराला उजवीकडं ओढील. सायन्स हाय ते."

सोनारानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बंदूक तुमची," म्हणाला आणि बसवली. काम देखणं झालं होतं. नळीला नथ घातल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बांधाआड बसले. समोर डाव्या हाताला राखणीचा माच होता, चार खांबांवर बांधलेला. त्यावर दीर. तीच जागा सगळ्यात सुरक्षित, असं त्याचं म्हणणं. माचाच्या खांबाला तेलाचा रिकामा डबा टांगला होता. तो वाजवून त्यानं डुक्कर माझ्याकडे हाकायचं होतं.

डुक्कर आलं. डबा वाजला. पण ते माझ्याकडे न येता माचाच्या उजव्या बाजूनं निघालं. डुक्कर आणि माच यांच्यात बैलगाडी जाईल एवढी जागा होती. दीर वरून म्हणत होता, "मार वहिनी, मार." माशी पांढरीशुभ्र दिसत होती. ती मी डुकराच्या खांद्यावर आणली आणि चाप ओढला.

आता माशी उजव्या कडेला असली, की ती डुकरावर आणताना नळीचं तोंड डावीकडे वळतं. हातात काठी धरून बघितलं असतं तरी कळलं असतं. नवऱ्याचा बार डावीकडे जायचाच, माझा आणखी डावीकडे गेला.

मी नाचणी सारत माचाखाली गेले. दीर पालथा पडला होता. डोळे टक्क उघडे.

"भावोजी, लागलं काय?"

"हळू बोल. डुक्कर गेलं काय?"

"कधीच गेलं."

"माज्या पाठीवरनं गेलं. म्हणून मेल्यागत पडून होतो."

त्याला उलटासुलटा करून बघितलं. एक छर्रा लागला नव्हता. घोटा मुरगळला होता, बाकी अंगाला माती. डब्याची मात्र चाळण झाली होती, त्याच दणक्यानं तो दचकून खाली आला होता. मी त्याला माशीचं सांगितलं. तो घोटा चोळत राहिला.

"सोनारानं चूक केली," म्हणाला.

वाटेवरून जावेनं हाक मारली, "काय गो, बाय?"

"हाय."

"मग मी भारा घेऊन घरी जाते. चूल पेटवायचीय."

मी एकटीच पोलादपूरला जाऊन माशी मधोमध बसवून आणली. दीर सुजलेला पाय घेऊन पडवीत बसला होता, त्यामुळे अडचण आली नाही. पुढे राखण मीच केली. नाचणी घरात आली. बार दोन-तीन काढले, तेवढ्या आवाजानंच डुकरं लांब राहिली. लागला एकालाही नाही.

त्या संध्याकाळी डबा तेवढा गेला. दीर जगला. डुक्करही जगलं.